विश्लेषण : आलिशान विद्युत सेडानला ‘वॅगन’ची जोड का हवी?

छत्रपती संभाजीनगरने २०१० मध्ये एकगठ्ठा सुमारे दीडशे मर्सिडीज घेऊन देशाचे लक्ष वेधले होते. २०२२ मध्ये याच शहरात सुमारे अडीचशे विद्युत मोटारींच्या सामूहिक खरेदीची मोहीम झाली. म्हणजे इथे महागडी गाडी नवी नाही आणि विजेवर चालणारीही नाही. तरीही आलिशान विद्युत मोटार घ्यायची म्हटले की बहुतेक कंपन्या सेडान किंवा एसयूव्ही एवढेच पर्याय समोर ठेवतात. तिसरा, अधिक शहाणपणाचा पर्याय युरोपात रस्त्यावर आहे.

वॅगन म्हणजे नेमके काय?

सेडानचेच छत मागच्या टोकापर्यंत नेले आणि मागे वर उघडणारे दार बसवले की वॅगन होते. (वॅगनआर नावापुरतीच वॅगन.) बीएमडब्ल्यूची आय-५ सेडान आणि तिची ‘टुरिंग’ ही वॅगन यांची लांबी सारखीच, ५,०६० मिलिमीटर. डिक्की मात्र ४९० लिटरवरून ५७० वर जाते आणि मागची आसने पाडली की १,७०० लिटर जागा मिळते. गारखेडा परिसरातील पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत पाच मीटरची गाडी घरासमोर लावणे हीच कसरत. वॅगनमुळे त्यात इंचाचीही भर पडत नाही आणि आजोबांची चाकांची खुर्ची घडी घालून सहज आत जाते.

मग एसयूव्हीच का नको?

कारण उंच गाडीला हवा जास्त अडवते आणि त्याची किंमत बॅटरी मोजते. चाकणला जोडणी होणाऱ्या मर्सिडीजच्या दोन गाड्या पाहा. ईक्यूएस ५८० सेडानची बॅटरी १०७.८ युनिटची, प्रमाणित पल्ला ८५७ किलोमीटर. ईक्यूएस ५८० एसयूव्हीची बॅटरी १२२ युनिटची, पल्ला ८०९. मोठी बॅटरी, तरी कमी अंतर! सेडान एका युनिटमागे जवळपास आठ किलोमीटर जाते, एसयूव्ही साडेसहाच्या थोडे पुढे. प्रत्यक्षात दोन्ही आकडे खाली येतात, पण तफावत राहतेच. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेल्या समृद्धी महामार्गावरून नागपूर गाठणाऱ्याला हे गणित थेट लागू पडते. वॅगन सेडानइतकीच बुटकी असल्याने तिला पल्ल्याची फारशी झळ बसत नाही.

पण वॅगन भारतात चालत नाही ना?

आजवर चालली नाही, हे खरे. टाटा इस्टेट, बलेनो अल्टुरा, इंडिगो मरिना या साऱ्या आल्या आणि गेल्या. शेंद्र्यात जोडणी होणाऱ्या ऑक्टाव्हियाचा ‘काँबी’ अवतारही फार रुजला नाही. मोटार म्हणजे वेगळी डिक्की हवीच, नाहीतर ती मालवाहू दिसते, असा तेव्हाचा समज. पण आज लोक हौसेने घेतात त्या एसयूव्हीला तरी वेगळी डिक्की कुठे असते? जुना आक्षेप ग्राहकाने स्वतःच मोडीत काढला आहे. विक्रेत्यांना मात्र तो अजून पाठ आहे.

खरा आक्षेप वेगळाच आहे. गल्लोगल्लीच्या गतिरोधकांवर बुटक्या गाडीचे पोट घासते. त्यावरही उत्तर आहे. व्होल्वोने २०१७ मध्ये भारतात आणलेल्या व्ही-९० क्रॉस कंट्री या वॅगनचे पोट रस्त्यापासून २१० मिलिमीटर उंच होते. पोर्शची टायकॅन क्रॉस टुरिस्मो ही विद्युत वॅगनही साध्या टायकॅनपेक्षा थोडी उंच आहे. ती इथे आली, पण कोट्यवधींच्या किमतीत.

कंपन्यांना अडचण कोणती?

फारशी नाही. आय-५ सेडान भारतात पूर्ण तयार अवस्थेतच आयात झाली, त्यामुळे टुरिंगसाठी इथे वेगळा कारखाना उभारण्याचा प्रश्न येत नाही. ब्रिटनसाठी तिची उजव्या स्टिअरिंगची आवृत्ती आधीच तयार होते. शिवाय आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असलेल्या वर्षाला २,५०० गाड्या इथल्या चाचण्यांविना आणण्याची सवलत केंद्राने २०१८ मध्ये दिली. त्यातली शंभर-दोनशे वॅगनसाठी राखून पाहायला काय हरकत आहे?