निष्ठेचे प्रश्न आणि खरी उत्तरे

परमुलखातून येणारास सरकारने चार प्रश्न विचारावेत, यात वावगे काही नाही. परंतु जो प्रश्न लबाडास मुळीच अडवीत नाही व सरळ माणसास मात्र पेचात धरतो, तो विचारण्यापासून राष्ट्राचे कोणते हित साधते, हे तपासून पाहिले पाहिजे.

अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ले यांचा १९०१ साली खून झाला व १९०३ साली अराजकवाद्यांस देशबंदी करणारा कायदा झाला. पुढे आंग्ल ग्रंथकार चेस्टर्टन १९२१ सालच्या अमेरिकाप्रवासाकरिता परवाना काढावयास गेले, तेव्हा 'आपण अराजकवादी आहात काय?' असा प्रश्न त्यांसही छापील अर्जात भेटला. १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. ती यथार्थच होती. कारण राज्य उलथविण्यास निघालेला मनुष्य अर्जावर 'होय' लिहून देईल, हे संभवते काय? यावर अधिकारी म्हणतील की, आज लिहिलेले खोटे उद्या उघडकीस आले म्हणजे त्यास घालवून देण्यास तेवढेच कारण पुरते. हे उत्तर अगदीच पोकळ नाही.

पण १९४३ साली जे घडले, त्याचे समर्थन या उत्तराने होत नाही. युद्धामुळे सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक अमेरिकेत छावण्यांत कोंडले होते. त्यांपैकी बहुतेक जन्माने अमेरिकन नागरिक. त्यांस विचारण्यात आले की, अमेरिकेशी निष्ठेची शपथ घेऊन जपानच्या बादशहावरील निष्ठा सोडता काय? 'होय' म्हणावे, तर नसलेली निष्ठा पूर्वी होती असे कबूल केल्यासारखे. 'नाही' म्हणावे, तर राजद्रोही. वृद्धांस तर कायद्याने अमेरिकन नागरिकत्वच मिळत नव्हते. 'होय' म्हणताच त्यांस कोणताच देश उरत नव्हता! नकार देणारे व अटी घालणारे हजारो लोक टूल लेक येथील कडक पहाऱ्याच्या छावणीत गेले. चेस्टर्टन यांस विनोद परवडला, कारण त्यांच्या पाठीशी त्यांचा देश होता. काटेरी तारेआडच्या मनुष्यास तो परवडत नाही.

आजही अमेरिकेच्या प्रवेशअर्जात दहशतवादी कृत्यांचा हेतू विचारला जातो. आमच्या व्यापारी बंधूंनी तेथे थट्टा न करता खरे तेच लिहावे. थट्टेस वर्तमानपत्र आहे. सरकारांनीही मनुष्याची कृत्ये विचारावीत, अंतःकरण नव्हे. आणि 'होय-नाही'च्या खाली खुलाशाकरिता चार ओळी मोकळ्या सोडाव्यात.