सेवा म्हणायची आणि दाम टाळायचा?



बारावीचा निकाल लागला की पिंपळनेर परिसरातल्या मुली मला विचारतात, "ताई, नर्सचा कोर्स करू का?" माणसांची गरज आहेच. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील पाड्यांवर बाळंतपण असो, लसीकरण असो की कुपोषित मूल, धावपळ बाईच करते. पण शिक्षणाची वाट पारखून घ्यावी लागते.

एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा. दोन्हींसाठी बारावी लागते आणि पुढे नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर ही नोंदणी होत नाही. म्हणून दागिना गहाण टाकून फी भरण्याआधी संस्थेची मान्यता तपासा.

जिची शाळा लवकर सुटली, तिला उरते आशाचे काम. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आशाला 'स्वयंसेविका' ठरवले. पगार नाही, कामागणिक मोबदला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना वाढीव मोबदल्यासाठी संप करावा लागला. बाईच्या कष्टाला सेवा म्हणायचे आणि दाम टाळायचा, हा घरातलाच हिशेब सरकारनेही चालवला आहे.

आमची मागणी सरळ आहे. आशाला कर्मचाऱ्याचा दर्जा द्या. पुढे शिकू इच्छिणाऱ्या आशाच्या अनुभवाला मोल द्या. एएनएमसाठी राखीव जागा आणि शिकताना विद्यावेतन द्या. पुढच्या बैठकीला आपापल्या गावच्या आशाताईंना बोलवा. या मागणीचे निवेदन त्यांच्यासोबत बसूनच लिहू या.