नाडी अडखळते तेव्हा



घरातला वडीलधारा माणूस घेरी येऊन पडला की मोखाडा-जव्हारकडे अजूनही ‘बाहेरचं झालं’ असे म्हणणारे भेटतात. आपण घरातले देव बाहेर काढले, पण भगत मागच्या दाराने येतोच. कार्यकारणभाव शिकवणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी. घेरीलाही कारण असते, ते शोधले पाहिजे. आम्ही डॉक्टर नव्हे; जाणकारांकडून समजून घेतले ते सोप्या शब्दांत मांडतो.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात निसर्गाने एक बॅटरी बसवली आहे. तिथून निघालेली विजेची लहर बारीक तारांवाटे खाली पोचते आणि ठोका पडतो. ‘अमायलॉइडोसिस’ नावाच्या रोगात बिघडलेल्या घडीचे प्रथिन तंतूंच्या रूपाने हृदयाच्या भिंतीत साठते. भिंती जाड व ताठ होतात, तारांची वाट अडते. मग नाडी मंदावते, चक्कर येते, शुद्ध हरपते. वरचे कप्पे ताणले जाऊन नुसते थरथरू लागले, तर आत रक्ताची गुठळी होते. ती मेंदूकडे गेली की लकवा.

हा रोग पुष्कळदा उशिरा ओळखला जातो, कारण त्याच्या खुणा दुसऱ्याच कशावर तरी ढकलल्या जातात. दोन्ही हातांना मुंग्या येतात, त्या आपण मोलमजुरीच्या खात्यावर टाकतो. पाय सुजतात, दम लागतो, ते वयावर. सोनोग्राफीसारख्या ‘इको’ तपासणीत हृदयाची भिंत जाड दिसते, पण कार्डिओग्रामवरच्या लाटा मात्र लहान असतात. असा उलटा हिशेब दिसला की डॉक्टरांना संशय यावा आणि रक्त, लघवी व स्कॅनची तपासणी व्हावी.

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात दोष अस्थिमज्जेत असतो; तिथे उशीर म्हणजे प्राणाशी गाठ, पण वेळेवर औषधे मिळाली तर रोग आवरतो. दुसऱ्यात प्रथिन यकृतातून येते. हा बहुधा उतारवयातील पुरुषांत आढळतो. काही घराण्यांत वारशानेही येतो. त्यावरील एका औषधाला अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली, पण ते फार महाग. तिसरा प्रकार दीर्घकाळ चिघळलेल्या क्षयातून होतो आणि मुख्यतः मूत्रपिंडे खातो. म्हणून क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडू नयेत.

नाडी फारच मंद झाली तर पेसमेकर बसवतात. तो ठोका सांभाळतो. साठलेले प्रथिन काढत नाही, म्हणून मूळ रोगाचे उपचार चालूच ठेवावे लागतात. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली असेल तर ती चुकवू नये. नाडी मंद करणारी काही औषधे या रोगात सोसत नाहीत. तेव्हा जुन्या सर्व गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात, मनाने बंद करू नयेत.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेल्या आणि आज महात्मा फुल्यांचे नाव असलेल्या जनआरोग्य योजनेत पेसमेकरचा समावेश आहे. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. पण रस्ताच नसेल तर ती येणार कुठून? २०२२ च्या पावसाळ्यात आपल्याच तालुक्यात एका बाळंतिणीला झोळीतून न्यावे लागले. हृदयतज्ज्ञासाठी नाशिक, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. रस्ता आणि दवाखाना हा आपला हक्क आहे. त्यासाठी अर्ज, निवेदने आणि संघटना हवी.

तोवर प्रत्येक विहारात सेकंदकाट्याचे घड्याळ ठेवावे आणि वडीलधाऱ्यांची नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी. बसल्या जागी ६० ते १०० ठोके साधारण मानतात. चाळिशीच्या आत आले, ताल चुकला किंवा घेरी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कार्डिओग्रामचा कागद तारीख घालून जपावा. पुढच्या डॉक्टरला तोच उपयोगी पडतो.

आजारी भिक्खूची शुश्रूषा बुद्धांनी स्वतःच्या हातांनी केली होती. आपण निदान नाडी तरी मोजू या.

जयभीम!