घर नवं, संडास मात्र सांदवाडीतच?

सध्या आपल्याकडे घरं पाडून बांधायचा हंगाम सुरू आहे. धान विकून झालं, कुणाच्या खात्यात घरकुलाचा हप्ता आला, कवेलू उतरवून गोठ्यामागे रचून ठेवले, आणि आता एकच घाई, पावसाच्या आधी स्लॅब पडला पाहिजे. रेती मिळत नाही, मिस्त्री फोन उचलत नाही, हे आहेच. पण गेल्या दोन महिन्यांत मूल, सावली, सिंदेवाहीकडच्या जितक्या बांधकामांवर मी उभा राहिलो, तिथे एक गोष्ट सारखी दिसली. समोरच्या खांबाला कोणती टाइल लावायची यावर घरात तीन दिवस चर्चा होते. संडासाचा विषय मात्र एका वाक्यात संपतो : "तो आहेच ना सांदवाडीत."

मला या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. माझं म्हणणं असं की, घर नवं बांधत असाल किंवा जुनं वाढवत असाल, तर एक संडास खालच्या मजल्यावर, घराच्याच छपराखाली असायला पाहिजे. रात्री दोन वाजता अंगणात पाय न ठेवता जाता आलं पाहिजे. वरच्या मजल्यावर दुसरा काढा, नका काढू, तुमची मर्जी. खालचा सोडू नका.

आपल्या दोन जिल्ह्यांत याचं पहिलं कारण सांगायची गरज नाही, तरी सांगतो. सांदवाडीतला संडास म्हणजे घरापासून पन्नास-साठ पावलं. वाटेत गोठा, शेळ्यांचा खोपा, कोंबड्यांचं खुराडं, तुऱ्हाट्यांचा भारा. बिबट्या गावात कशासाठी येतो? शेळीसाठी, कोंबडीसाठी, कुत्र्यासाठी. म्हणजे आपण संडास बरोबर त्याच्याच वाटेवर बांधला आणि पहाटेच्या अंधारात म्हाताऱ्या माणसाला टॉर्च देऊन तिकडे पाठवतो. वन्यजीवांचे अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की बसलेला किंवा वाकलेला माणूस वाघ-बिबट्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. पहाटे शौचाला गेलेल्या माणसावर झडप घातल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत, काहींनी तर तो माणूस ओळखीचा होता म्हणून जाऊन पाहिलंही आहे. आणि हे फक्त जंगलाला लागून असलेल्या खेड्यांचं नाही. चंद्रपूर शहराला चिकटलेल्या दुर्गापूर-ऊर्जानगरमध्ये 2022 साली काय झालं, ते विसरायला अजून वेळ आहे.

आता इथे कुणी म्हणेल, भाऊ, माणसं तर जंगलात मरतात, संडासात नाही. खरं आहे. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. 2022 मध्ये देसाईगंज वडसाकडे सीटी-1 नावाचा वाघ पकडला, त्याच्या नावावर 13 माणसं होती. यातलं बहुतेक सगळं जंगलात, शेतात, जळतन आणताना, गुरं चारताना घडतं. घरातला संडास त्यातलं काही थांबवणार नाही, आणि तसा दावा कुणी केला तर तो खोटा. पण पोटासाठी जंगलात जाणं कुणाला टळत नाही. रात्री सांदवाडीत जाणं टळू शकतं, तेही एका दाराने. जे टळू शकतं ते का टाळू नये?

आणखी एक हिशेब बघा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर सरकार वारसांना 25 लाख रुपये देतं. द्यायलाच पाहिजेत. आणि संडासासाठी? 12 हजार. ही रक्कम 2014 साली ठरली, ती आजही तीच आहे. या दहा-अकरा वर्षांत सिमेंटची थैली, लोखंड, मिस्त्रीची रोजी कुठून कुठे गेली ते तुम्हीच सांगा. 12 हजारात चार भिंती, टिनाचं छप्पर आणि एक भांडं एवढंच होतं. मग तो डबा अंगणाच्या टोकाला उभा राहतो, त्यावर योजनेचं नाव रंगवतात, लाभार्थ्याला बाजूला उभं करून फोटो काढतात आणि काम झालं. 18 एप्रिल 2018 ला महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या डब्यांपैकी किती आज जळतन ठेवायला कामी येतात, हे गावात फिरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मे महिन्यात आपल्या उन्हात त्या टिनाखाली पाच मिनिटं बसून दाखवा, म्हणजे कळेल लोक का जात नाहीत ते.

पण मी हा विषय फक्त वाघासाठी काढत नाही. वाघ वर्षातून एकदा येतो, गुडघे रोज दुखतात.

माझ्या चुलतभावाचं घर सध्या सुरू आहे, सावली तालुक्यात. मोठी आई सत्तरीच्या पुढची. संध्याकाळी पाच वाजल्यानंतर ती पाणी पीत नाही. का, तर रात्री उठावं लागेल आणि उठलं तर कुणाला तरी उठवावं लागेल. ही सवय आपल्या घराघरातल्या म्हाताऱ्या बायकांची आहे, आपण कधी विचारलं नाही एवढंच. त्यातून लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, चक्कर, आणि मग "म्हातारपण आहे, चालायचंच." मोठ्या बाबांचं मत ठाम : "घरात घान कायले? देवघर हाय, सैपाकखोली हाय. आमी का मेलो सांदवाडीत जाऊन?" मोठी आई काही बोलली नाही. ती अशा बैठकीत बोलतच नाही. आपल्याकडे घराचा नकाशा ठरतो तेव्हा ज्यांना रात्री त्रास होणार ती माणसं गप्प असतात आणि ज्यांना कुठेही आडोशाला उभं राहता येतं ते निर्णय घेतात.

सिकलसेलचं तर कुणी बोलतच नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार घरोघर माहीत आहे. डॉक्टर पेशंटला पहिलं काय सांगतात? पाणी भरपूर प्या, अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका, नाहीतर दुखणं उठेल. आणि या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे रात्री दोन-तीनदा उठावंच लागतं. आता पंधरा वर्षांची सिकलसेलची मुलगी, घर जंगलाच्या काठाला, संडास सांदवाडीत. ती काय करणार? ती पाणी कमी पिणार. 2023 मध्ये केंद्राने 2047 पर्यंत सिकलसेल संपवायचं मिशन सुरू केलं. गोळ्या येतील, कार्ड येईल, तपासणी होईल. तिला पाणी प्यायला भीती वाटू नये, याची सोय मात्र घरच्यांनाच करावी लागेल.

आता "घरात घाण" या आक्षेपाकडे येतो, कारण खरा अडसर तोच आहे, पैसा नाही. घरात घाण राहत नाही हो. घरात फक्त बसायची जागा राहते. भांड्याच्या खाली पाइपाला जो बाक असतो, त्यात 20 मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं. तेवढं पाणी वास आणि माशा दोन्ही अडवतं. खड्डे बाहेर अंगणातच. ग्रामीण भागासाठीचं भांडं उताराचं असतं, त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं, म्हणजे एक मोठा लोटा. शहरातल्या फ्लशसारखं बादलीभर पाणी ओतायची गरज नाही. तरी वास येतो अशी तक्रार असेल तर बाक बसवलाच नाही, किंवा उलटा बसवला, किंवा खड्डा भरला, यातलं काहीतरी एक झालेलं असतं.

खड्ड्यांबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण इथे मिस्त्री लोक तुम्हाला एक भलीमोठी टाकी बांधायला लावतात आणि तिथेच पैसा जातो. पाच-सहा माणसांच्या घराला मीटरभर रुंदीचे दोन शोषखड्डे पुरतात, जाळीच्या विटांचे, मधे मीटरभर अंतर. एक वापरायचा, दुसरा बंद. पहिला भरायला साधारण पाच वर्षं लागतात. मग पाइप दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिल्याला दीड-दोन वर्षं हात लावायचा नाही. नंतर जे निघतं ते कोरडं खत, वास नसलेलं. विहीर किंवा हातपंपापासून निदान 10 मीटर दूर, जास्त जमलं तर आणखी बरं, आणि घराच्या पायापासूनही थोडं सोडून.

आपल्या जिल्ह्यात जमीन एकसारखी नाही, हे विसरू नका. वरोरा, भद्रावतीकडे काळी कसदार माती, ती पाणी पीत नाही. तिथे खड्ड्याच्या भोवती फूटभर जाडीचा रेती-गिट्टीचा थर द्यावा लागतो. इकडे मूल, सावली, ब्रह्मपुरी, वडसा म्हणजे धानाचा पट्टा, पावसाळ्यात दोन हात खणलं की पाणी लागतं. तिथे खड्डा जमिनीच्या वर उचलायचा, भोवती मातीचा भराव घालायचा, आणि त्या हिशेबाने संडासाची जोतीही उंच धरायची. आधी घर बांधलं आणि नंतर संडास घरात घ्यायचा म्हटलं, तर हा उतार मिळत नाही. म्हणून सांगतोय, चुन्याने आखणी होते त्याच दिवशी ठरवा. चंद्रपुरात इरईच्या काठाला, रहमतनगरसारख्या भागात राहणाऱ्यांनी तर पुराची खूण बघितल्याशिवाय जोतीची उंची ठरवूच नये. नाहीतर पुरात खालचा संडास उलटा भरतो, आणि मग "बघ, म्हटलं होतं ना" ऐकावं लागतं.

दार कुठे उघडायचं, यावर माझं मत जरा वेगळं आहे. बरेच जण शहराची नक्कल करून संडास बेडरूमला जोडतात, पोराच्या आणि सुनेच्या. म्हाताऱ्या माणसाने रात्री सुनेची खोली ओलांडायची का? तो परत सांदवाडीतच जाणार. दार सपरीत किंवा मधल्या खोलीत उघडा, सैपाकखोलीतून वाट नको. याला आणखी एक कारण आहे. पाळीच्या दिवसांत बाईला सैपाकखोलीत, देवघरात येऊ न देणारी घरं अजून बरीच आहेत. ते चूक आहे, पण ते बदलेपर्यंत त्या पाच दिवसांत तिने कुठे जायचं? वाट चुलीपासून जात असेल तर घरातला संडास तिच्यासाठी नसल्यासारखाच. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडच्या माडिया-गोंड गावांत तर ती घरातच नसते, कुर्माघरात असते. अलीकडे काही गावांत संडास-न्हाणीसह पक्की कुर्माघरं उभी राहिली, पण कित्येक ठिकाणी अजून ती कुडाची झोपडी आहे आणि जवळ संडास नाही. तिथे प्रत्येक घरात संडास दिला तरी त्या बाईला जंगलच. तिथला प्रश्न घराच्या नकाशाने सुटणार नाही, तो गावाला सोडवावा लागेल.

बारीकसारीक गोष्टी : दार बाहेर उघडणारं ठेवा, आत कुणी पडलं तर बाहेरून ओढून उघडता आलं पाहिजे. रुंदी तीन फूट धरा, उद्या वॉकर लागेल. भिंतीत एक दणकट दांडी आत्ताच बसवून घ्या. भांडं खुर्चीचं नको असेल तर साधंच ठेवा, वर मधे भोक असलेली खुर्ची मेडिकलमध्ये मिळते. बटण दाराबाहेर.

खर्च विचाराल तर, घराची एक भिंत, जोती आणि छप्पर आधीच असल्यामुळे वेगळा डबा बांधण्यापेक्षा आतला स्वस्तच पडतो. घरकुलवाल्यांना जागेची अडचण आहे, मान्य. कमीत कमी 25 चौरस मीटर म्हणजे 269 चौरस फूट, त्यातून संडासाला वीस फूट काढायचे म्हणजे जिवावर येतं. पण त्याच योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत संडास घराचाच भाग मानला आहे, तो झाल्याशिवाय घर पूर्ण धरत नाहीत. मग कागदावर जो घराचा भाग आहे तो जमिनीवर घरापासून साठ पावलं का?

माझी मागणी छोटी आहे. घरकुलाची आखणी करायला येणाऱ्या अभियंत्याने लाभार्थ्याला दोन नकाशे दाखवावेत, एक बाहेरच्या संडासाचा आणि एक आतल्या. आणि तो दाखवताना घरातल्या म्हातारीला आणि सुनेला समोर बसवावं. 1 मेच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायचा असेल तर मसुदा मी लिहून देतो, इनबॉक्समध्ये सांगा. आमच्या मोठ्या बाबांशी बोलणी अजून सुरूच आहेत. स्लॅबला बारा दिवस आहेत.