जनावरांच्या कानातील बिल्ला : क्रमांक मिळाला, नोंदीचे काय?

गाई-म्हशींच्या कानातील पिवळा बिल्ला आता देशाच्या बहुतेक भागांत दृष्टीस पडतो. त्यावरील बारा अंकी क्रमांक म्हणजे त्या जनावराची आयुष्यभराची ओळख असून सरकारी व्यवहारात त्यास ‘पशुआधार’ असे म्हटले जाते. हा बिल्ला साधा प्लास्टिकचा आहे. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक बिल्ला वापरल्यास लसीकरण, पैदास आणि विमा या तिन्ही कामांत अचूकता येईल, असा विचार मांडला जातो. तो चुकीचा नाही. मात्र भारतापुढील खरी अडचण क्रमांक वाचण्याची नसून, क्रमांकामागील नोंद खरी ठेवण्याची आहे.

ओळख कशासाठी?

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी २५ लाख गोवंशीय जनावरे आणि सुमारे १० कोटी ९८ लाख म्हशी होत्या. त्याच वर्षी ११ सप्टेंबर रोजी मथुरा येथे राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. लाळ्या-खुरकूत रोगावर २०२५ पर्यंत नियंत्रण आणि २०३० पर्यंत त्याचे निर्मूलन, असे उद्दिष्ट त्या वेळी जाहीर झाले.

लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. कोणत्या जनावरास ती केव्हा मिळाली हे ठाऊक नसेल, तर पुढील फेरीचे नियोजन अंदाजावर चालते. सांसर्गिक गर्भपात, म्हणजेच ब्रुसेलोसिस, या रोगाची लस मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच दिली जाते. पुढे रक्ततपासणीत दोष आढळला, तर तो रोगाचा की पूर्वीच्या लसीचा परिणाम, हे ठरविण्यासाठी जुनी नोंद हाताशी असावी लागते. कृत्रिम रेतनातही वळूचा गुण त्याच्या कालवडींच्या दुधावरून ठरतो. त्यासाठी माय-लेकींची ओळख पक्की हवी.

कायद्याचा आधारही यापूर्वीच निर्माण झाला आहे. जनावरांमधील संसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणाविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यात, लस दिलेल्या जनावरावर खूण करण्याची आणि त्यासाठी कानात बिल्ला मारण्याची तरतूद आहे.

चिप काय करते?

इलेक्ट्रॉनिक बिल्ल्यात बारीक चिप आणि तारेचे वेटोळे असते, बॅटरी नसते. वाचकयंत्र जवळ आणले की त्याच्या रेडिओलहरींतून चिपला ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक कळविते. चिखल, शेण वा अंधार यांचा त्यात अडथळा येत नाही. भारतातील प्रचलित बिल्ल्यावर छापील अंक आणि पट्ट्यांची खूण असते. दावणीला बांधलेल्या, मान हलविणाऱ्या म्हशीच्या कानातील बारा अंक वाचून मोबाइलवर नोंदविताना चुका होतात. हा दोष चिप निश्चितपणे दूर करू शकेल.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव या संदर्भात नेहमी सांगितला जातो. तेथील व्हिक्टोरिया राज्याने २००२ पासून वासरांसाठी इलेक्ट्रॉनिक बिल्ला सक्तीचा केला आणि २००५ मध्ये गुरांसाठी ही पद्धत देशभर लागू झाली. ‘मॅड काऊ’ रोगामुळे १९९६ मध्ये ब्रिटिश गोमांसाच्या निर्यातीवर बंदी आली होती. जनावराचा माग सांगता आला नाही, तर बाजारपेठ हातची जाते, हे मांस निर्यात करणाऱ्या देशांना त्या घटनेने दाखवून दिले. परंतु ऑस्ट्रेलियाच्या व्यवस्थेचा कणा चिप हा नाही. प्रत्येक पशुक्षेत्राला स्वतंत्र क्रमांक आहे आणि जनावर एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात गेले की त्या स्थलांतराची नोंद राष्ट्रीय माहितीसाठ्यात करणे बंधनकारक आहे. चिपमुळे ही नोंद सुलभ झाली, इतकेच.

आठवडी बाजारातील पोकळी

भारतात नेमकी हीच कडी कच्ची आहे. येथे बहुसंख्य पशुपालकांकडे दोन-चार जनावरे असतात. गाय आठवडी बाजारात विकली जाते, व्यापाऱ्यामार्फत दुसऱ्या जिल्ह्यात किंवा परराज्यात जाते. बिल्ला तिच्या कानात राहतो, पण नोंदीत मालक मात्र जुनाच राहू शकतो. जनावर दगावले, तरी क्रमांक यादीत जिवंत राहण्याची शक्यता असते.

२०२२ मधील लम्पी चर्मरोगाच्या साथीत या उणिवेचे महत्त्व लक्षात आले. माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत तो रोग पसरतो, हे खरे. परंतु बाधित जनावरांची ने-आण त्याला दूरवर पोहोचविते. स्थलांतराचा माग नसल्यास सरसकट बाजार बंद करण्यावाचून प्रशासनाला फारसा पर्याय उरत नाही. महाराष्ट्रातही त्या वेळी जनावरांचे बाजार बंद ठेवण्यात आले होते. दगावलेल्या गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपयांचे साहाय्य राज्याने दिले.

लाभ की पाळत?

दुसरा प्रश्न विश्वासाचा आहे. २०२४ च्या प्रारंभी महाराष्ट्राने गाईच्या दुधासाठी लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान दिले, तेव्हा जनावरांच्या बिल्ल्याची नोंद आवश्यक ठरविण्यात आली. त्यानंतर १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याविना खरेदी-विक्री आणि शासकीय पशुवैद्यकीय सेवा यांवर निर्बंध घालण्यात आले. विम्याच्या दाव्यातही बिल्ला नसल्यास भरपाई अडते.

याउलट २०१७ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात गुरांच्या क्रमांकाची कल्पना मांडली, ती सीमेवरील तस्करी रोखण्याच्या संदर्भात. गुजरातमध्ये २०२२ साली शहरी भागांतील गुरांसाठी परवाना आणि बिल्ला सक्तीचे करणारे विधेयक विधानसभेने संमत केले. परंतु मालधारी समाजाच्या तीव्र विरोधानंतर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते मागे घ्यावे लागले. एकच क्रमांक लसीसाठी आणि दंडासाठीही वापरला जाणार असेल, तर भाकड किंवा म्हातारे जनावर नोंदीबाहेर ठेवण्याकडे पशुपालकाचा कल होणे स्वाभाविक आहे. असे झाल्यास रोगनियंत्रणाचीच हानी होते.

त्यामुळे खर्चाचा क्रम ठरविणे महत्त्वाचे आहे. वळू केंद्रे, मोठे गोठे आणि गुरांचे बाजार येथे एकाच जागी अनेक जनावरे वाचता येतात. इलेक्ट्रॉनिक बिल्ल्याचा प्रारंभ तेथून होणे सयुक्तिक ठरेल. लहान पशुपालकांसाठी मात्र आधी बाजारातच, विनाशुल्क आणि काही मिनिटांत मालकी बदलून मिळण्याची सोय हवी. पडलेला बिल्ला त्वरित बदलून मिळावा आणि ही माहिती कोणत्या खात्याला कोणत्या कारणासाठी पाहता येईल, हे नियमात स्पष्ट असावे. लाळ्या-खुरकूतमुक्त क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मागताना केवळ दिलेल्या लसींची संख्या पुरत नाही. जनावरांच्या ने-आणीवर नियंत्रण असल्याचेही दाखवावे लागते. २०३० चे उद्दिष्ट गाठावयाचे असेल, तर त्या पुराव्याची तयारी आठवडी बाजारापासून करावी लागेल.