पेटीतली रिकामी जागा

मधमाश्यांच्या पेटीत जागा मोकळी राहिली की तिथे फोम किंवा थर्माकोल कोंबायचा, ही युक्ती बर्फाच्या देशांतली. तिथे हिवाळ्यात मूठभर माश्या दहा चौकटींच्या पेटीत कुडकुडतात, त्यांची ऊब रिकाम्या कोपऱ्यांत वाया जाते आणि साठवलेला मध नुसतं अंग तापवण्यात संपतो. जागा भरली की मध वाचतो. हिशोब बरोबर आहे, पण तो नागपुरातल्या जरीपटक्याच्या गच्चीवर जसाच्या तसा लागू करण्याला माझा विरोध आहे.

पिल्लांच्या पोळ्याला 34-35 अंश सेल्सिअस लागतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 45 अंश असतात. मग कामकरी माश्या पाणी आणून पोळ्यावर त्याचे थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. आपला कुलरही दुसरं काय करतो? या कामाला हवा खेळती लागते, आणि आत कोंबलेला फोम नेमकी तीच अडवतो. डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री नागपूर गारठतं खरं, पण तेवढ्यासाठी वर्षभराची अडचण कशाला?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये ओळखलं, की साधारण नऊ मिलिमीटरची फट माश्या ये-जा करायला मोकळी सोडतात. त्याहून मोठ्या जागेत पोळं बांधतात, लहान फट झाडांच्या डिंकाने लिंपतात. आजची चौकटींची पेटी याच मापावर उभी आहे. आपली सातेरी माशी मात्र हा डिंक जवळजवळ गोळाच करत नाही. म्हणजे फोमच्या मागची फट तशीच उघडी राहते, आणि तिथे मेणपतंगाच्या अळ्या निर्धास्त वाढतात. या अळ्या थर्माकोल सहज पोखरतात. फेदेरिका बेर्तोक्किनी या संशोधक बाईंनी स्वतःच्या पेटीतून काढलेल्या अशाच अळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या, तर पिशवीला भोकं पडली. त्यावरचा शोधनिबंध 2017 मध्ये गाजला. माश्याही फोम कुरतडतात, आणि त्याचा चुरा बाहेर नेऊन टाकण्यात त्यांचे दिवस जातात. फवारून फुगणारा फोम तर पेटीत नकोच. तो ओला असताना त्याची वाफ वाईट, आणि पेटी उघडताना आपण धूर करतो तेव्हा ठिणगीची भीती.

मुळात जागा रिकामी का राहते, हे कोणी विचारत नाही. माश्या कमी असतात म्हणून. आणि त्या कमी असतात त्याचं बऱ्याचदा कारण एकच, आसपास फुलं नसतात. उपाशी वसाहतीला फोमने काय मिळणार? संत्र्याच्या आंबिया बहारात पेटी काटोलकडच्या एखाद्या बागेत नेऊन ठेवता आली तर रिकाम्या चौकटी माश्याच भरतील. फवारणी कधी होणार, एवढं मात्र बागवाल्याला आधी विचारून घ्या.

तोवर जादा चौकटी काढून घ्या आणि उरलेल्यांच्या शेजारी लाकडाची एक फळी उभी सरकवा. सुतार ती तासाभरात करून देईल. मधाचा वरचा मजला घाईने चढवू नका. दुपारची सावली आणि जवळ पाण्याचं उथळ भांडं ठेवा. थर्माकोलचा तुकडा घरात पडलाच असेल, तर तो छपराच्या पत्र्याखाली, आतल्या झाकणाच्या वर, माश्यांचं तोंड पोचणार नाही असा बसवा. तिथे तो खरंच ऊन अडवतो. चौकटींच्या शेजारी मात्र मुळीच नको.