तंबू ठोकावे, पण केव्हा?

सहल म्हटली की आपल्याकडे मांडूचेच नाव निघते. मांडू रम्य खरे. परंतु एका गर्दीतून दुसरीत जाण्याला विश्रांती कसे म्हणावे? त्यापेक्षा सरदारपूर तालुक्यात, महीच्या उगमाच्या बाजूस, चार दिवस तंबूत राहावे, असे आमचे मत आहे. मात्र पावसाळ्यात नव्हे! त्या दिवसांत खरमोर पक्षी याच तालुक्यातील गवताळ माळांवर येतो. नर मादीला भुलविण्यासाठी गवताबाहेर उंच उड्या घेतो. मादी उघड्या जमिनीवर अंडी घालते. त्यांच्यासाठी १९८३ साली येथे अभयारण्य झाले. तरीही २०२१ साली खरमोराची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. तेव्हा तंबू मार्गशीर्षात ठोकावे, तेही गावकऱ्यांची अनुमती घेऊन.